रिंगा बसेपर्यंत

"ह्याचा लाड कुणी केला?" दस्तगीर मिस्त्रीनं विचारलं.

तो लाँचच्या मागच्या बाजूला गुडघाभर पाण्यात उभा होता. सायलेन्सरच्या तोंडात घातलेलं बोट त्यानं बाहेर काढून आम्हाला दाखवलं. बोट काळ्या, ओल्या ऑइलनं माखलं होतं. काठावर मी चहाची किटली घेऊन उभी होते. सासूबाईंच्या हातात कपबश्या होत्या. आणि मामा, म्हणजे माझे सासरे, डोक्यावरची टोपी काढून उगाच झटकत होते.

"लाड कसला?" मामा म्हणाले. "इंजिनाचं नवं काम हाय म्हणून जपून चालवलं. रोज सकाळी काठाकाठानं, रिकामं, हळूऽ फिरवून आणलं. आजवर एक माणूस चढू दिलं न्हाई."

"तेच म्हणतोय मी, तात्या. वाटोळं केलंत की."

 मामा म्हणजे उभा जन्म लाँच हाकलेला माणूस. त्यांना असं बोलायची आमच्या उंबरवाडीत कुणाची छाती नव्हती. पण दस्तगीर तालुक्याच्या गावचा होता आणि इंजिनाच्या बाबतीत तो सख्ख्या बापालाही सोडत नसे.

"पिस्टनवरची नवी रिंग आन् पिस्टन ज्यात फिरतो त्यो नवा लायनर, दोन्ही खरखरीत असत्यात," तो म्हणाला. "जोर लागला, ताप झाला, म्हंजी एकमेकाला घासून जागा करून घेत्यात. तुमी जोरच लागू दिला न्हाई. रिंगा नुसत्या वर-खाली सरकत ऱ्हायल्या आन् लायनर झाला काचेगत गुळगुळीत. मग ऑइल थांबंल कशाला? येतंय वर, जळतंय, गळतंय."

"मग आता?"

"आता लोड द्यायचा. दाबून. लाँच भरायची आन् पाण्यात पळवायची. निळा धूर निघंल, घाबरायचं न्हाई. रेस कमी करायची न्हाई. रिंगा बसल्या तर आजच बसतील. न्हाईतर इंजिन पुन्हा खोलायचं आन् लायनर घासून घ्यायचा."

"खोलायचं न्हाई." मामा इतक्या झटक्यानं बोलले की पलीकडची बगळ्यांची जोडी उडाली.

"अवो, मी म्हणतोय का खोलाच म्हणून? पण सोपान असता तर त्यानं हे असं..."

आणि मिस्त्री थांबला. सासूबाईंनी कपबश्या खाली ठेवल्या. मामांनी टोपी डोक्यावर घातली. 

सोपान माझा नवरा. पावसाळ्यात काविळीनं गेला होता. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी त्याचं नाव कुणीतरी घेतलं होतं, आणि ते घेणारा माणूस आता जीभ चावून उभा होता. मला वाटलं, ह्यानं अजून एकदा घ्यावं. काही होत नाही, घे की बाबा.

---

आता तिथं पूल झाला आहे. लाँच केव्हाच भंगारात गेली. तेव्हा मात्र उंबरवाडी म्हणजे डांबरी सडकेचं शेवटचं टोक. एस.टी. आमच्या काठावर यायची, वळायची आणि तासाभरानं परत जायची. पुढं धरणाचा फुगवटा, आणि पाण्यापलीकडं मेटवाडी आणि तिच्या वरच्या वाड्या. त्या माणसांना दवाखाना, बाजार, शाळा सगळं आमच्या लाँचनं. लाँच बंद असली की त्यांनी अख्खा डोंगर चालून यायचं.

त्या वर्षी पाऊस सुरू झाला तसं सोपाननं इंजिन कामाला काढलं. पडवीत गोणपाट अंथरून एकेक भाग ओळीनं मांडला. नट-बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत. "ह्यातलं काय बी हालवायचं न्हाई," असं त्यानं मला, आईला आणि मांजराला बजावलं. नवीन लायनर-पिस्टन पुण्याहून मागवले होते. ते यायच्या आधी त्याचे डोळे पिवळे झाले, आणि मग सगळंच फार लवकर झालं.

इंजिन तसंच पडून राहिलं. वरून अजून गोणपाट टाकलं गेलं. दहावं, तेरावं त्याच पडवीत झालं, पण त्या मांडणीला कुणी पाय लागू दिला नाही. दिवाळी सरल्यावर दस्तगीर आला आणि त्यानं सोपाननं ठेवलेल्या ओळीवरूनच ते परत जोडलं. एकही वायसर इकडचा तिकडं झालेला नव्हता. म्हणून मामा म्हणत होते, खोलायचं नाही. सोपानच्या हातचं तेवढंच राहिलं होतं.

म्हणजे ते आणि मी.

इंजिनाला जपावं तसंच मला घरात जपत होते. मी घागर उचलली की सासूबाई म्हणायच्या, "बस तू." चुलीपुढं बसले की "ऊठ, धूर लागंल." भांडी घासायला घेतली की ती हातातून जायची. मामा घरात आले की खाकरून यायचे आणि माझ्याशी बोलताना आवाज एवढा खाली आणायचे की मला अर्धं कळायचंच नाही. बोलणं तरी काय? "जेवलीस?" "व्हय." "बरं." शेजारच्या बायका गप्पा मारत असल्या आणि मी ओट्यावर गेले की त्या एकदम हवा-पाण्याचं बोलायला लागायच्या. तळहातावरच्या फोडासारखं जपत होते मला सगळे. पण फोडाशी कुणी बोलत नाही.

सोपानचं नाव तर घरातून पुसूनच गेलं. आम्ही बायका तशाही नवऱ्याचं नाव घेत नाही. घ्यायचं ते उखाण्यात. मी नवी नवरी होते तेव्हा लाँचमधल्या बायका मला प्रत्येक फेरीला धरायच्या. "नाव घे, मग उतरू देतो." मी पाठ केलेले सगळे उखाणे संपले, तेव्हा एक स्वतःच जुळवला:

*अलीकडं उंबरवाडी, पलीकडं मेटवाडी,*
*सोपानरावांचं नाव घेते, हळू करा गाडी.*

आणि सोपान खरंच रेस कमी करायचा. भर पाण्यात. इंजिनाच्या आवाजात त्याला स्वतःचं नाव ऐकू यायचं नाही म्हणून. मागची माणसं ओरडायची, "अरं, एस.टी. चुकंल!" तो म्हणायचा, "आमचं नाव सारखं सारखं निघत न्हाई. ऐकू द्या." मग कान पुढं करून बसायचा. मी दुसऱ्यांदा म्हणायची, तेव्हाच लाँच पुढं जायची.

आता मी ते नाव घेऊ शकत नव्हते, कारण विधवेला कोण उखाणा घ्यायला सांगणार? आणि त्याचे आई-बाप घेत नव्हते, कारण मला त्रास होईल. मला त्रास होऊ नये म्हणून ते गप्प, त्यांना होऊ नये म्हणून मी गप्प. रात्री तिघं तीन भिंतींकडं तोंड करून झोपायचो.

त्यातूनच ते ठरलं. मला न विचारता. दादा, माझा थोरला भाऊ, त्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं मला न्यायला येणार होता. कायमचं. "पोर हितं झुरती," असं मामांनी त्याला कळवलं होतं म्हणे. ट्रंक भरून ठेवली होती. तीही सासूबाईंनीच भरली, मला घडी घालायला दिली नाही. माहेरी वहिनी चांगली होती, पोरं गोड होती. वाईट कुठंच कुणी नव्हतं, तीच तर पंचाईत. पण एक मला पक्कं कळत होतं. त्या घरात मी पुन्हा लहानपणीची, कोपऱ्यातली सुली होणार होते, आणि सोपान ह्या नावाचा माणूस होता हे सांगणारं तिथं कुणीच नसणार होतं. इथं निदान तीन माणसं तरी त्याच्याबद्दल गप्प होती.

जायचं की राहायचं, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. पण कुणीतरी विचारायला हवं होतं.

---

लोड म्हणून मिस्त्रीनं शाळेच्या भिंतीसाठी आणलेल्या वाळूच्या पोत्यांकडं बोट दाखवलं. पोती वाहायला गडी नव्हते. आमच्याकडचे पुरुष मुंबईला, माथाडीत नाहीतर गिरणीत. गावात उरलेली म्हणजे म्हातारी माणसं, पोरं आणि आम्ही बायका. चहा झाल्यावर पाच-सहा जणी पदर खोचून आल्या आणि दोघी-दोघींनी एकेक पोतं लाँचवर न्यायला सुरुवात केली.

मी एका पोत्याचं टोक धरलं.

"अगं, तू नको," शेजारच्या सरूकाकू म्हणाल्या.

"का?"

 मी पोतं उचललं. ते फार जड होतं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी लगेच दुसऱ्याला हात घातला. सासूबाई काठावरून बघत होत्या. त्यांचे ओठ "बस तू"साठी उघडले आणि मिटले.

लाँच पाण्यात चांगली हातभर खाली गेली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "बास. आता एक माणूस सुकाणूवर, एक इंजिनापाशी. ऑइलचा काटा बघायचा आन् थंडाव्याचं पाणी बाहेर पडतंय त्या धारंत हात धरायचा. कोमट असंल तवर ठीक. हात भाजाय लागला तर बोंबलायचं."

"तू चल की," मामा म्हणाले.

"म्या?" दस्तगीर दोन पावलं मागं सरला. "आवो, मला पवता येत न्हाई. ह्या पाण्याची मला भीती वाटती, तात्या. खरं सांगतो, गुडघ्याच्या वर मी कधी गेलो न्हाई." सगळ्या बायका हसल्या. हा माणूस आयुष्यभर लाँचची इंजिनं दुरुस्त करत होता आणि एकदाही लाँचमध्ये बसलेला नव्हता.

इंजिनापाशी सोपान बसायचा. ती जागा सगळ्यांनाच ठाऊक होती, म्हणून कुणी तिकडं बघत नव्हतं.

"मी बसते," मी म्हणाले.

"ती नको," सासूबाई पटकन म्हणाल्या. "तिला आज जायाचं हाय. तिचा भाऊ यायाचा."

"एस.टी.ला अजून टाइम हाय," मिस्त्री म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "वैनी, हाताला ऊन-गार कळतं न्हवं?"

"कळतं."

"मग काय अडलं? चढा."

---

मामांनी हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकून चालू झालं आणि लगेच निळसर धूर आमच्या तोंडावर आला. आम्ही काठाकाठानं निघालो, आणि सवयीनं मामांचा हात रेसच्या दांडीवर तसाच हलका राहिला.

"मामा, रेस वाढवा!" मी म्हणाले. ते वळले नाहीत. त्यांचे कान इंजिनानं आधीच अर्धे खाल्ले होते, आणि माझा आवाज तर चार महिने चुलीपुढच्या कुजबुजीपलीकडं गेलेलाच नव्हता. 

"मामा!" मी ओरडले. "वाढवाऽ!"

त्यांनी दचकून मागं पाहिलं. सून सासऱ्यावर ओरडली होती. मग त्यांनी दांडी पुढं ढकलली.

काय तो आवाज! बाकं थरथरायला लागली, पत्र्याचं छप्पर वाजायला लागलं. वाळूनं जड झालेली लाँच पाणी ढकलत निघाली आणि मागं धुराचा एक लोटच्या लोट उठला. काठ त्यात दिसेनासा झाला. मी खाली वाकून बाजूच्या धारेत हात धरला. कोमट.

"धार?" मामा ओरडले.

"कोमट!"

"काय?"

"कोमट हाय!"

"मोठ्यानं!"

"कोऽमट!"

"काटा?"

"ठीऽक!"

असं आमचं बोलणं चाललं होतं. सोपान गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी इतकं बोललोच नव्हतो. फुगवट्याच्या मधोमध आलो तरी धूर कमी होईना. मामा मागं वळून वळून धुराकडं बघायचे आणि त्यांचा हात रेसवरून थोडा मागं यायचा. मला इंजिनाच्या आवाजातच ते कळायचं.

"कमी करू नका!"

हात पुढं जायचा. पुन्हा धूर बघायचे. पुन्हा मागं.

"मामा, कमी करू नका म्हणते ना!"

"फुटंल गं!" ते ओरडले. "त्याच्या हातचं हाय, फुटंल!"

मला एकदम रागच आला. कुणावर ते कळलं नाही. इतके दिवस ह्यांनी सगळं हळू केलं होतं. पावलं हळू, बोलणं हळू, दार लावायचं ते हळू. "फुटू दे!" मी ओरडले. "फुटलं तर फुटू दे!"

त्यांना ते ऐकू गेलं की नाही देव जाणे, पण दांडी पुढं गेली आणि पुढंच राहिली.

मी धारेत हात धरून बसले. समोर सोपानची बसायची जागा होती. त्याच्या पान्यानं तिथल्या फळीवर खड्डा पडला होता. त्या आवाजात मी काहीही बोलले असते तरी कुणाला ऐकू येणार नव्हतं. गावात नाही, घरात नाही, हातभर अंतरावरच्या माणसालाही नाही. असं ठिकाण मला चार महिन्यांत मिळालं नव्हतं. मी आधी नुसते ओठ हलवले. मग म्हणाले,

"अलीकडं उंबरवाडी, पलीकडं मेटवाडी..."

 आज गाडी हळू करायला कुणी नव्हतं, आणि करायचीही नव्हती. मी उखाणा सोडून दिला आणि नुसतं नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा, नुसतं, उघडं.

"सोपान."

धूर बघायला मामांची मान वळली आणि माझे हलते ओठ त्यांना दिसले. "काय? धार गरम झाली?"

मी मान हलवली.

"मग काय म्हणतीस?"

"सोपान!"

"ऐकू येत न्हाई! मोठ्यानं!"

"सोपाऽन!" मी किंचाळले. "सोपान! सोपान म्हणते मी, सोपान! तुमचा सोपान!"

आता ऐकू गेलं.  त्यांच्या हातून सुकाणू सुटून लाँच थोडी वळली, ती त्यांनी सावरली. मला वाटलं, आता रेस कमी करतील, परत फिरतील, आणि घरी सासूबाईंना हळू आवाजात सांगतील की पोरीचं डोकं फिरलं. तशी मी तयारच झाले.

त्यांनी रेसची दांडी होती तिथून पार शेवटापर्यंत नेली. मग पुढं तोंड केलं आणि मेटवाडीच्या बाजूला बघून हाक मारली, पलीकडच्या काठावरच्या माणसाला मारावी तशी.

"सोप्याऽऽ!"

मी त्यांची पाठ बघत होते. पाठ हलत होती. "सोप्याऽ! अरं सोप्याऽ!" ते हाका मारत होते आणि मी इंजिनापाशी बसून मोठमोठ्यानं रडत होते. तो गेला त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते, कारण तेव्हा चार बायकांनी माझं तोंड कुशीत दाबून धरलं होतं. आता धरायला कुणी नव्हतं. एका हातानं मी डोळे पुसत होते. दुसरा हात धारेत होता, तो मी काढला नाही.

मेटवाडीचा काठ आला, आम्ही वळण घेतलं. परत फिरलो. पुन्हा वळलो. किती फेऱ्या झाल्या कुणी मोजल्या नाहीत. हाका थांबल्या, माझं रडणंही थांबलं. आम्ही दोघं नुसते बसून होतो, ते आपल्या जागी, मी माझ्या.

मग कधीतरी मला आमचा काठ दिसला. काठावरची जांभळं, त्याखाली माणसं, वर वळणावर उभी राहिलेली लाल एस.टी. सगळं स्वच्छ. काहीतरी वेगळं वाटलं म्हणून मी मागं पाहिलं. मागं नुसतं पाणी होतं. धूर नव्हता.

"मामा!" मी ओरडले. "मागं बघा!"

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. इंजिनाचा आवाजही बदलला होता. मघाचा घोगरेपणा जाऊन एकसारखा टणटणीत ठोका लागला होता.

---

काठाला लागलो तेव्हा मिस्त्री घोटाभर पाण्यात मान वाकडी करून ऐकत उभा होता. "बसल्या," तो म्हणाला. पुन्हा सायलेन्सरमध्ये बोट घातलं. ह्या वेळी बोटाला कोरडी काजळी होती. "बसल्या, तात्या! इंजिन मोकळं झालं!" आणि त्यानं ते काळं बोट सासूबाईंना, सरूकाकूंना आणि नुकत्याच आलेल्या माझ्या भावाला असं दाखवलं की जणू त्याला अंगठी घातली होती.

दादाच्या एका हातात माझी ट्रंक होती. तालमीतला गडी, आता पोट सुटलेला. उन्हानं घामाघूम झाला होता. माझा अवतार बघून तो चपापला. तोंडाला काजळी, डोळे सुजलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"सुले, काय हे? चल, हात-पाय धू. गाडी थांबायची न्हाई." मग मामांकडं वळून हलक्या आवाजात, आमच्या घरातल्यासारखाच, "येतो मग आम्ही, तात्या."

सासूबाईंनी कुंकवाच्या ऐवजी माझ्या हातात एक नारळ ठेवला आणि दुसरीकडं पाहिलं.  सगळ्यांना आता ते लवकर संपायला हवं होतं.

मामा लाँचमधून उतरत होते. त्यांचे कान अजून इंजिनानं भरलेले होते, त्यामुळं आपण किती मोठ्यानं बोलतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं. ते भर पाण्यात बोलावं तसे ओरडले, साऱ्या गावाला ऐकू जाईल असे:

"सुलोचना! तुला जायचं हाय का ऱ्हायचं हाय?"

 दादाच्या हातातली ट्रंक या हातातून त्या हातात गेली. सासऱ्यानं सुनेला असं, चारचौघांत, नाव घेऊन, ओरडून विचारायचं! सरूकाकूंनी तोंडाला पदर लावला. मामांना वाटलं मला ऐकू गेलं नाही.

"काय? मोठ्यानं बोल!"

 मी मिस्त्रीकडं वळले. "अजून किती फिरवायचं?"

"आज दिसभर फिरवा की. रिंगा बसल्यात, पर पक्क्या व्हायला पाहिजेत. लोड उतरवू नका. उलट वाढला तर बरं."

"दादा," मी म्हणाले, "ट्रंक ठेव खाली आन् चढ."

"कुठं?"

"लाँचवर. त्या पोत्यांवर बस. लोड कमी पडतोय."

"सुले, अगं एस.टी...."

"उद्या बी असती एस.टी. चढ."

आधी हसल्या त्या सासूबाई. कसल्यातरी विचित्र, विसरलेल्या आवाजात हसल्या आणि तशाच रडायला लागल्या. माझ्या हातातला नारळ त्यांनी परत काढून घेतला. "ऱ्हाऊ दे त्यो," म्हणाल्या. "संध्याकाळच्या वाटणाला लागंल. तू लवकर ये. एकटीला होत न्हाई मला आता."

दादा चढला. पोत्यांवर बसून त्यानं दोन्ही हातांनी बाक धरलं. मी माझ्या जागी बसले आणि धारेत हात धरला. मामांनी रेस दिली आणि आम्ही पुन्हा निघालो, मागं धुराचा मागमूस नव्हता. अर्ध्या पाण्यात गेल्यावर काठावर एस.टी.चा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग ती लाल गाडी वळली आणि झाडाआड गेली. दादा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. मी बघितलं नाही.

पाण्याच्या ऐन मध्यावर इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. मी घाबरून काट्याकडं पाहिलं. काटा ठीक होता. धारही कोमट होती. मामांचा हात रेसच्या दांडीवर होता, आणि दांडी त्यांनीच मागं घेतली होती.

"मामा, कमी का केलं?"

त्यांनी मान वळवली नाही. कान मात्र माझ्या बाजूला केला, अगदी सोपान करायचा तसा.

"मगाशी नीट ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले. "नाव घे."

दादा माझ्याकडं बघायला लागला. लाँच हळूहळू चालली होती. ठोका इतका शांत पडत होता की पाण्याचा आवाज येत होता.

मी पदर खांद्यावर घेतला.

"अलीकडं उंबरवाडी, पलीकडं मेटवाडी," मी म्हणाले, "सोपानरावांचं नाव घेते, हळू करा गाडी."

"पुन्हा," मामा म्हणाले.

मी पुन्हा म्हणाले. तेव्हाच त्यांनी रेस वाढवली.